बारावीचं मूल, उत्तरायण आणि कॉलेजचे फॉर्म: डिसेंबर-जानेवारीत आईबाबांनी काय काय करायचं

बडोद्यात घरात बारावीचं मूल असलं की डिसेंबर-जानेवारीत सगळं एकदमच येतं. शाळेची प्रीबोर्ड, सीबीएसईवाल्यांची प्रॅक्टिकल्स १ जानेवारीपासून, जेईई मेनचं पहिलं सेशन जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, गुजसेटचा (गुजरातेतल्या इंजिनीअरिंग-फार्मसीच्या प्रवेश परीक्षेचा) फॉर्म साधारण डिसेंबरात, परदेशात जायचं असेल तर अमेरिकेच्या डेडलाइन १ जानेवारीपासून, आणि ह्याच सगळ्याच्या मध्ये नाताळची सुट्टी, न्यू जर्सीहून आलेली आत्या, उत्तरायण (म्हणजे संक्रांत), मग रथसप्तमीपर्यंत घरोघरचं हळदीकुंकू. माझी मुलगी ह्यातून गेलीये, आता मुलाची पाळी आहे, आणि दांडिया बाजारपासून मांजलपूरपर्यंत ओळखीच्या घरांत दर वर्षी कोणी ना कोणी बारावीत असतंच, त्यांच्या आयांचे फोन येतात, तर फोनवर जे तुकड्यातुकड्याने सांगते ते इथे एकत्र लिहितेय.

माझं म्हणणं थोडक्यात असं: तारखा, कागद, फी, शाळेच्या चकरा आणि पाहुणे हे सगळं आईबाबांनी उचलायचं. अभ्यास, निबंध आणि कुठे जायचं ही निवड मुलाची. आणि कॉलेजचा विषय घरात ठरलेल्या वेळीच काढायचा, उठता-बसता नाही. ऐकायला सोपं आहे, करताना बारीकसारीक गोष्टींत अडतं.

आधी तारखांचा कागद

डिसेंबर लागायच्या आत एक मोठा कागद घ्या आणि त्यावर फक्त तारखा लिहा. हा कागद फ्रिजवर लावू नका, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, कारण मूल पाणी प्यायला आलं तरी समोर "२१ जानेवारी" दिसतंय असं चोवीस तास नको. बघायचा असेल तेव्हा दार उघडून बघता येतो.

काय काय लिहायचं ते मुलाच्या लाइनवर आहे. इंजिनीअरिंगवाल्यांना जेईई मेनची दोन सेशन्स असतात, जानेवारी आणि एप्रिल, आणि दोन्ही दिली तर जो स्कोअर चांगला तो धरतात, त्यामुळे जानेवारीचा पेपर म्हणजे शेवटची संधी नाही हे आईबाबांनी आधी स्वतःच्या मनात पक्कं करावं, मग मुलाला सांगितलेलं त्याला खरं वाटेल. जानेवारी सेशनचा फॉर्म ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच भरून झालेला असतो, आता राहतात ती परीक्षेच्या शहराची स्लिप आणि तीन-चार दिवस आधी येणारं ॲडमिट कार्ड. गुजरातेतल्या कॉलेजांसाठी गुजसेट मार्चच्या अखेरीस, पण फॉर्म आत्ता. एसीपीसीच्या (राज्याच्या प्रवेश समितीच्या) मेरिटमध्ये बोर्डाचे मार्क आणि गुजसेट दोन्ही धरतात म्हणून जेईईच्या नादात बोर्ड सोडून देणं गुजरातेत राहणाऱ्याला परवडत नाही. लालबागच्या गतिशक्ती विद्यापीठात बी.टेक. करायचं असेल तर तिथेही जेईई मेनच लागते, आपल्याच गावात असून बऱ्याच घरांना ते माहीत नसतं. मेडिकलची नीट मेच्या पहिल्या रविवारच्या आसपास असते, फॉर्म त्याच्या दोन-तीन महिने आधी निघतो. दिल्ली युनिव्हर्सिटी, बनारस वगैरे डोक्यात असेल तर सीयूईटी ही प्रवेश परीक्षा, त्याचा फॉर्म कधी जानेवारीत निघतो कधी मार्चमध्ये, त्यामुळे नजर ठेवावी लागते. डिझाइनवाल्यांचं तर ऐन सुट्टीतच असतं, एनआयडीची प्रिलिम डिसेंबर अखेर किंवा जानेवारीत, यूसीड जानेवारीत, निफ्ट फेब्रुवारीत.

आणि सयाजी युनिव्हर्सिटीत (एमएसयूत) जायचं असेल तर, इंजिनीअरिंग-मेडिकलसारखे प्रवेश परीक्षेचे कोर्स सोडून, आत्ता काहीच भरायचं नसतं, ते बारावीच्या रिझल्टनंतर जीकॅस ह्या राज्याच्या सामाईक प्रवेश पोर्टलवरून होतं. हे मुद्दाम लिहितेय कारण "एमएसयूचा फॉर्म निघाला का" ह्या काळजीत डिसेंबर घालवणाऱ्या आया मी बघते.

प्रत्येक तारखेच्या शेजारी ती कुठे बघितली ते लिहा. तारीख अधिकृत साइटवर बघितली असेल तरच कागदावर चढवायची, व्हॉट्सॲपवर आलेली तारीख पेन्सिलने लिहायची आणि खात्री झाल्यावर पेनाने. ह्या परीक्षांच्या तारखा दर वर्षी सरकतात, मागच्या वर्षीच्या अनुभवावर राहू नका.

रविवारचा एक तास

ही ह्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणून जरा वेळ घेते.

आठवड्यातला एक तास ठरवायचा, आमच्याकडे रविवारी संध्याकाळी पाच ते सहा असतो, आणि कॉलेज, फॉर्म, मार्क, फी, हॉस्टेल जे काय बोलायचंय ते त्या तासात. बाकी सहा दिवस तो विषय आईबाबांनी काढायचाच नाही. मुलाने आपणहून काढला तर जरूर बोला. पण जेवताना, गाडीत, झोपताना "अरे तो फॉर्म झाला का", "अगं त्या अमक्याच्या मुलीने म्हणे..." हे बंद.

आठवड्यात डोक्यात येईल ते मोबाइलमध्ये एका नोटमध्ये लिहून ठेवा. बाबा ऑफिसातून काहीतरी ऐकून येतात, आई भाजी घ्यायला गेली तिथे कोणीतरी काहीतरी सांगतं, ते सगळं त्या नोटमध्ये. रविवारपर्यंत त्यातलं निम्मं तुम्हाला स्वतःलाच बिनमहत्त्वाचं वाटायला लागतं, ते खोडून टाका आणि उरलेलंच टेबलावर आणा.

तो तास कसा असतो ते सांगते. टेबलावर फाइल, एक वही, चहा, काहीतरी खायला, लीलो चेवडो नाहीतर शेंगा. फोन बाजूला. पहिली दहा मिनिटं मूल बोलतं, ह्या आठवड्यात काय झालं आणि काय अडलं, आणि आपण मध्ये बोलायचं नाही, हे बाबांना जास्त जड जातं असा माझा अनुभव आहे. मग आपण आपलं सांगायचं, की इन्कम सर्टिफिकेटला दिलंय, शाळेत सहीला कागद दिलाय, एवढी फी भरली. मग पुढच्या आठवड्याची कामं वहीत दोन रकान्यांत लिहायची, एक त्याचं, एक आपलं, आणि आपला रकाना मोठा असायला हवा. सहा वाजले की वही बंद. विषय अर्धा राहिला तरी बंद, पुढच्या रविवारी.

पहिले एक-दोन रविवार मूल फार बोलत नाही. त्याला वाटतं ही नवीन पद्धतीची झाडाझडती आहे. आपण खरोखरच सोमवार ते शनिवार गप्प बसलो की मग त्याचा विश्वास बसतो. एकदा का बसला की मुलं खरं सांगायला लागतात, म्हणजे फिजिक्सचे दोन चॅप्टर उघडलेच नाहीत, किंवा मला खरं तर इंजिनीअरिंग करायचंच नाहीये, हे असलं. ते डिसेंबरमध्ये कळणं आणि जूनमध्ये ॲडमिशनच्या लाइनीत कळणं ह्यात फार फरक आहे.

असं काही ऐकलं तर त्याच तासात निर्णय करू नका. "बरं झालं सांगितलंस, पुढच्या रविवारी ह्याच्यावरच बोलू" एवढं म्हणा आणि मधल्या आठवड्यात तो म्हणतोय त्या कोर्सची माहिती तुम्ही स्वतः काढा, अगदी मनापासून, खोड्या काढायला नव्हे. फाइन आर्ट्स म्हणतेय? फॅकल्टी आपल्याच गावात आहे, जाऊन तिथल्या मुलांची कामं बघून या, त्यांच्याशी बोला.

कागदपत्रं, हे पूर्णपणे आपलं काम

मुलाने मामलतदार कचेरीत किंवा जनसेवा केंद्रात तिष्ठत बसू नये. ह्यातलं बरंच डिजिटल गुजरात ह्या सरकारी पोर्टलवरून होतं, तरी चकरा पडतातच, आणि त्या आपण मारायच्या.

पहिली गोष्ट नाव. मराठी घरांत हा गोंधळ हमखास सापडतो. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आधारवर उलट, पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी आहे कधी नाही. वर आपली आडनावं. वाघ व्हीने की डब्ल्यूने, शिर्के, क्षीरसागर ह्यांची स्पेलिंग तर आजोबांच्या कागदावर एक आणि नातवाच्या कागदावर दुसरं. दहावीची मार्कशीट, आधार आणि पासपोर्ट तिन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा, जन्मतारीखसुद्धा. इथल्या परीक्षांसाठी दहावीच्या मार्कशीटवरचं नाव प्रमाण धरा आणि आधार त्याला जुळवून घ्या, बाहेरच्या फॉर्मला पासपोर्टवरचं नाव. आधारला जो मोबाइल नंबर जोडलाय तो चालू आहे ना हेही बघा, ओटीपी जुन्या बंद नंबरवर जात असेल तर फॉर्मच्या शेवटच्या दिवशी काही करता येत नाही.

दुसरी गोष्ट दाखले. ओबीसी नॉन क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला आयआयटी-एनआयटीच्या काउन्सेलिंगला (म्हणजे जागावाटपाला) लागतो तेव्हा तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलाच लागतो, आणि केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या नमुन्यातला एसईबीसीचा (गुजरातेत ओबीसीला म्हणतात तो) दाखला तिथे चालत नाही. म्हणजे आत्ता काढून उपयोग नाही असं वाटेल, पण आत्ता करायचं ते त्याच्या खालचं काम, मूळ जातीचा दाखला, वडिलांचा-आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचे पुरावे. आपल्यातल्या कित्येक घरांचे आजोबा सातारा, कोकण, खानदेश कुठून कुठून आलेले, जुने कागद तिकडेच राहिलेले, ते शोधायला वेळ लागतो. एप्रिलमध्ये मग फक्त अर्ज द्यायचा राहतो.

आणि एक, ज्यांना पुण्याला पाठवायचंय त्यांच्यासाठी. आडनाव मराठी, घरात मराठी, पुण्यात मामा, ह्याने महाराष्ट्राच्या कोट्यात जागा मिळत नाही. तिथे डोमिसाइल आणि बारावी कुठून केली हे बघतात, आणि बाहेरच्या मुलांना ऑल इंडियाच्या जागा असतात त्या बहुतेक जेईई मेनच्या मार्कांवर. काही अपवाद आहेत, म्हणून तिथल्या सीईटी सेलचं माहितीपत्रक बाबांनी शांतपणे बसून पूर्ण वाचावं आणि मगच मुलाला पुण्याचं स्वप्न दाखवावं.

सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये, फाइलची नावं नीट, फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडचा आणि सहीचा वेगळा स्कॅन. हा फोल्डर पेनड्राइव्हवरही ठेवा.

बाहेरच्या कॉलेजांचे फॉर्म

अमेरिकेच्या बहुतेक कॉलेजांची नेहमीची डेडलाइन १ ते १५ जानेवारीच्या दरम्यान असते. ज्यांनी नोव्हेंबरमध्येच अर्ली म्हणजे लवकरच्या तारखेचा फॉर्म भरला त्यांचा निकाल साधारण डिसेंबरच्या मध्यावर येतो, म्हणजे ऐन प्रीबोर्डमध्ये किंवा सुट्टी लागता लागता. नाही म्हणाले किंवा पुढे ढकललं तर बाकीच्या कॉलेजांसाठी पंधराएक दिवसच उरतात. म्हणून उरलेल्या कॉलेजांचे निबंध निकालाची वाट न बघता आधीच अर्धेमुर्धे तयार हवेत, हे मुलाला नोव्हेंबरमध्ये सांगा, डिसेंबरात सांगितलं तर त्याला वाटतं आईला आपली खात्री नव्हती.

शाळेचं काम २० डिसेंबरच्या आत उरका. कॉमन ॲपमध्ये (अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांचा एकच ऑनलाइन फॉर्म) शाळेने ट्रान्स्क्रिप्ट, स्कूल रिपोर्ट आणि शिक्षकांची पत्रं आपल्या बाजूने अपलोड करायची असतात आणि आपल्याकडे वेगळा काउन्सेलर फार थोड्या शाळांत असतो, प्रिन्सिपॉल किंवा एखाद्या टीचरच ते करतात. त्यांनाही सुट्टी हवी असते. गोड बोलून, सगळी माहिती एका पानावर लिहून, कॉलेजांची यादी आणि तारखा देऊन या, आणि जानेवारी-फेब्रुवारीत मिड-इयर रिपोर्टसाठी (बारावीच्या मधल्या मार्कांसाठी) परत येऊ हेही आत्ताच सांगून ठेवा. तिकडची ऑफिसंसुद्धा नाताळ ते नवीन वर्ष बंदच असतात, त्या आठवड्यात पाठवलेल्या मेलला उत्तर येत नाही म्हणून घाबरायचं नाही.

निबंधाबद्दल माझं मत अगदी ठाम आहे, आईबाबांनी त्यात एक वाक्यही लिहू नये. कॉमन ॲपचा मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो आणि वाचणाऱ्याला सतरा वर्षांचं मूल बोलतंय की पन्नास वर्षांचा माणूस ते कळतं. निबंध लिहून देतो म्हणणाऱ्या एजंटाकडे तर जाऊच नका, सबमिट करताना हे माझं स्वतःचं काम आहे असं मूल लिहून देत असतं, आणि एआयने लिहिलेलं आपलं म्हणून देणं हेही कॉमन ॲपच्या नियमांत फसवणुकीतच धरलंय. मग मदत काय करायची? ऐकायचं. तिला म्हणा, मला सांग काय लिहायचंय, आणि तिच्या फोनवर रेकॉर्डिंग चालू करायला सांगा. "मग काय झालं?", "तेव्हा तू काय केलंस?" एवढेच प्रश्न. मुलं सुरुवातीला लीडरशिप, देशाची सेवा, उत्तरायणचे रंगीबेरंगी पतंग असलं काहीतरी बोलतात, आणि मग सहज बोलता बोलता म्हणतात की आज्जीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तीन प्रकारचे थेंब होते आणि वेळा लक्षात राहीनात, म्हणून मी बाटल्यांना रंगीत दोरे बांधले. तो आहे निबंध. तिथे फक्त म्हणायचं, हे लिही.

सबमिट करायचा दिवस आपण तीन दिवस आधीचा धरायचा. कॉमन ॲपवर डेडलाइन बहुधा आपल्या इथल्या घड्याळाने रात्री ११:५९ ची असते, पण त्या रात्री साइट जड होते आणि कार्ड अडकतं. आपल्या डेबिट-क्रेडिट कार्डांवर इंटरनॅशनल व्यवहार बऱ्याचदा बंदच असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करा, लिमिट वाढवा आणि एका कॉलेजची फी आधी भरून बघा. इंग्लंडचं यूसीएएस (तिथल्या कॉलेजांचा एकत्र फॉर्म) वेगळं, त्याची जानेवारीची तारीख दर वर्षी बदलते, २०२५ ला २९ जानेवारी होती आणि २०२६ ला १४ जानेवारी, म्हणजे बरोबर उत्तरायणच्या दिवशी, तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. तिथे आता सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात.

फॉर्म गेल्यावर प्रत्येक कॉलेज आपल्या पोर्टलची लिंक पाठवतं आणि त्यावर काही दिवस "कागद मिळाला नाही" असं दिसत राहतं. त्यांना एकेक कागद लावायला वेळ लागतो. आठवडाभर थांबा, मगच शाळेला विचारा.

पैशाचं बोलणं

हे फॉर्म भरायच्या आधी व्हायला हवं, डिसेंबरच्या पहिल्याच रविवारी. आकडा स्पष्ट सांगा. आपण वर्षाला एवढे देऊ शकतो, एवढं कर्ज काढू, त्याच्यावर नाही. मुलांना आकडा सांगितला की ती खचत नाहीत, उलट यादी नीट करतात, आणि ॲडमिशन मिळाल्यावर एप्रिलमध्ये "जमणार नाही रे" सांगणं त्यांच्यासाठी जास्त वाईट असतं. अमेरिकेत बाहेरच्या विद्यार्थ्याने मदत मागितली तर बहुतेक कॉलेजं निवड करताना ते लक्षात घेतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी थोडीच आहेत जी घेत नाहीत. तरी गरज असेल तर फॉर्ममध्येच मागा, बऱ्याच ठिकाणी ती नंतर मागता येत नाही. अर्ली डिसिजन बांधील असतं, म्हणजे मिळालं तर तिथेच जावं लागतं, तेव्हा फीचा हिशोब न करता ते भरू नका. इथे राहणाऱ्यांसाठी गुजरात सरकारची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना आहे, ८० पर्सेंटाइलच्या वर आणि घरचं वार्षिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत असेल तर चांगली मदत मिळते, त्यालाही इन्कम सर्टिफिकेट लागतंच.

मदत मागायची लाज वाटणारी मुलं असतात. त्यांना सांगा की १९१३ साली ह्याच गावाच्या महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची स्कॉलरशिप दिली म्हणून बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले. बडोद्याच्या मुलाने स्कॉलरशिपचा अर्ज मान वर करून भरावा.

सुट्टीत सुट्टी पण हवी

१३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, आणि ह्या वयात शरीराचं झोपेचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, रात्री लवकर डोळे मिटत नाहीत. शाळा चालू असताना ती झोप कधीच पुरी होत नाही. म्हणून सुट्टीत मूल साडेआठ-नऊला उठलं तर उठू द्या. "बाकीची पोरं पहाटे चारला उठून बसतात" हे वाक्य बोलू नका, थंडीत तर मुळीच नाही. फक्त पेपरच्या आधीचे आठ-दहा दिवस पेपरच्या वेळेनुसार उठायची सवय लावायची, जेईईचं सेशन सकाळचं आहे की दुपारचं ते बघून.

दिवसात अभ्यासाचे तीन ठोकळे पुरतात, मधले तास मोकळे, आणि मोकळे म्हणजे खरंच मोकळे, त्यात "जरा वाचत बस" नाही. रोज एकदा घराबाहेर, कमाटीबागेत चक्कर, मित्राबरोबर सेवउसळ, काहीही. घरात गर्दी असेल तर मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आहे, १९१० साली सुरू झालेली. आणि घरातलं एक काम मुलाकडे राहू द्या, कपडे वाळत घालणं किंवा आजोबांच्या गोळ्या काढून देणं. बारावी म्हणून सगळी कामं काढून घेतली की मुलाला घरात पाहुण्यासारखं, परीक्षेपुरतंच ठेवल्यासारखं वाटतं.

फोनबद्दल एवढंच, रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. सगळ्यांचे, बाबांचासुद्धा.

पाहुणे, उत्तरायण, हळदीकुंकू

कमुरतं लागतं, साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी, तेव्हा लग्नं नसतात, ती सगळी आधी नाहीतर नंतर. परदेशातली मंडळी त्या हिशोबाने येतात. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातल्या लग्नाला कोण जाणार ते आत्ताच ठरवा आणि यजमानांना फोन करून सांगा की आमच्यातले दोघंच येऊ, मुलाचा पेपर आहे. आधी सांगितलं की कोणी रागवत नाही.

घरी राहायला येणाऱ्या आत्याला, काकांना येण्याआधीच फोनवर प्रेमाने सांगून ठेवा, "ताई, ह्या वेळी तिला कॉलेजचं विचारू नका हं, बाकी तुमच्या गप्पा तिला हव्याच आहेत." आणि त्यांना एक खरं काम द्या. तिकडे राहणारा दादा असेल तर त्याला मुलाबरोबर अर्धा तास इंग्रजीत इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस करायला सांगा, हॉस्टेलमध्ये महिन्याला खर्च किती, थंडीत काय घालायचं हे विचारा. मदत करता आली की माणसं सल्ले कमी देतात.

उत्तरायणला, १४ आणि १५ जानेवारी, बडोद्यात अभ्यास होत नाही. आजूबाजूच्या प्रत्येक अगाशीवर (गच्चीवर) स्पीकर असतो. मुलाला खोलीत बसवून वर आपण पतंग उडवायचे ह्याला काही अर्थ नाही. १४ तारीख पूर्ण द्या, मोकळ्या मनाने, जेवायला उंधियू-जिलेबी, तिळगूळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, लोक उठायच्या आत दोन तास बसता आलं तर बसू दे. बोटांना चिकटपट्टी लावूनच मांजा धरायला सांगा, पुढे प्रॅक्टिकल्स असतात, उजव्या हाताच्या बोटाला खोल काप गेला तर ब्युरेट धरता येत नाही. त्या आठवड्यात दुचाकीवर गळ्याला जाड मफलर आणि गाडीला पुढे तारेची कमान, क्लासला जाणाऱ्या मुलांसाठी हे विसरू नका, दर वर्षी मांज्याने गळे कापले जातात.

मग हळदीकुंकू. आपल्या घरी असेल तर त्या वर्षी छोटं करा, एकाच दिवशी, दोन तासांत. आणि दुसऱ्यांकडे गेल्यावर "काय मग, काय करणार तुमची लेक?" हे प्रत्येक घरी विचारतात. उत्तर मुलीला विचारून आधीच ठरवा, कारण माहिती तिची आहे. आमच्याकडे ठरलेलं होतं, "अभ्यास चाललाय छान, ठरलं की पेढे घेऊन येईनच." हसून एवढंच, आणि वाण काय देताय ते विचारायचं. कुठली कॉलेजं भरली, प्रीबोर्डला किती पडले हे सांगायचं नाही, अगदी सख्ख्या बहिणीलाही नाही, मुलीने सांगितलं तर गोष्ट वेगळी.

मन बिघडतंय का ते बघा

चिडचिड, दार आपटणं, एखाद दिवशी रडणं हे ह्या दिवसांत होतंच. पण झोप अगदी उडाली किंवा दिवसभर अंथरुणातच, जेवण सुटलं, मित्रांचे फोन घेणं बंद, आवडती वस्तू कोणाला देऊन टाकली, "मी नसतो तर तुमचे पैसे वाचले असते" अशी भाषा, हे दिसलं तर रविवारची वाट बघू नका. त्याच दिवशी जवळ बसून सरळ विचारा, "तुला जगणं नकोसं वाटतंय का? जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट मूल मोकळं होतं. हो म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरकडे न्या. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, आईबाबासुद्धा फोन करून काय करू विचारू शकतात. अशा वेळी एखादी परीक्षा सोडावी लागली तर सोडा. जेईई एप्रिलमध्ये परत आहे, बाकीचं पुढच्या वर्षी आहे.

नकाराची मेल आली त्या दिवशी मात्र काहीच करायचं नाही. प्लॅन बी काढायचा नाही, "त्यांचंच नुकसान" म्हणायचं नाही. जवळ बसा, त्याला एकटं हवं असेल तर राहू द्या, रात्री आवडीचं जेवण करा. घरच्यांना कोणाला सांगायचं, कोणाला नाही, ते त्यालाच ठरवू द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतःच विचारतो, आता काय.

पेपरच्या आदल्या दिवशी आणि नंतर

जेईईचं सेंटर आदल्या दिवशी बाबांनी एकट्याने जाऊन बघून यावं, कुठल्या गेटने आत सोडतात, गाडी कुठे लावायची. ॲडमिट कार्डाच्या दोन प्रिंट, मूळ आधार, फोटो, पारदर्शक पेन, पारदर्शक पाण्याची बाटली, हे आपण काढून ठेवायचं. जाड बटणांचं, खूप खिशांचं जॅकेट नको, साधा स्वेटर. सोडायला जाताना गाडीत फॉर्म्युले विचारू नका. बाहेर आल्यावर "कसा गेला" सुद्धा आधी विचारू नका, भूक लागलीये का विचारा.

आणि फाइल फेकू नका. ज्या पोर्टलचं जे यूझर नेम, पासवर्ड, ॲप्लिकेशन नंबर आणि ज्या मोबाइलवर ओटीपी येतो तो नंबर, सगळं वहीच्या शेवटच्या पानावर एकाखाली एक लिहून ठेवा. १ एप्रिलनंतर दाखल्यांना जायचंय, मेमध्ये रिझल्ट लागला की जीकॅस उघडतं, एसीपीसी त्याच्या आधीही उघडू शकतं, आणि तेव्हा हेच पान लागतं.